आणि मग ताई दार उघडते

गेल्या महिन्यात घरची सगळी माणसं बऱ्याच काळाने एका छपराखाली जमली. निजानीज व्हायची होती, मुलं अंथरुणावर लोळत होती, आणि धाकट्या भाचीने हट्ट धरला, "मावशी, आजोबांच्या त्या रात्रीची गोष्ट सांग ना." ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता आठवावी लागत नाही, जिभेवरून आपली आपण घरंगळत येते. मुसळधार पाऊस, गेलेली वीज, बाबांच्या छातीतून येणारी घरघर. आई बाहेरगावी, आजी अंथरुणाला खिळलेली. मी तेरा वर्षांची. मला अचानक जाग येते आणि मी अनवाणी धावत सुटते. शेजारच्या काकांच्या दारावर थापा मारते. काका खिडकीची एक फळी उघडून म्हणतात, गाडी देता यायची नाही, आणि फळी लावून घेतात. मी पुन्हा धावते. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक टेम्पो थांबलेला असतो. चालक माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेत नाही, "बस पुढे," म्हणतो. आम्ही घरासमोर येतो. इथे मी नेहमी क्षणभर थांबते, मुलांचे श्वास अडकलेले असतात तेवढ्यासाठी. त्या रात्रीही थांबले. आणि कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसलेली ताई मान वर न करता म्हणाली, "आणि मग ताई दार उघडते."

सगळे हसले. मीही हसले. गोष्ट पुढे गेली, बाबा दवाखान्यात पोहोचले, वाचले, मुलं झोपली.

मला मात्र झोप येईना. तिने ते वाक्य माझ्याच सुरात म्हटलं होतं, माझ्याच लकबीने, 'दार' या शब्दावर मी देते तेवढाच हेल देऊन. त्यात राग नव्हता. पुष्कळदा ऐकलेली प्रार्थना माणूस जशी सवयीने पुढे म्हणतो तसं ते होतं. अंधारात पडल्या पडल्या मी माझी गोष्ट पहिल्यापासून मनात म्हणून पाहिली. काकांना त्यात चार वाक्यं होती. टेम्पोवाल्याला सात-आठ. पावसाला तर कितीतरी. अठ्ठावीस वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे आणि माझ्या सख्ख्या बहिणीला त्यात एकच वाक्य आहे. ती दार उघडते आणि गोष्टीतून निघून जाते.

गोष्टी कशा रचल्या जातात हा माझा जुना नाद. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मन आपसूक पुस्तकांकडे वळलं. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने शंभर अद्भुतकथा घेऊन त्या अगदी सांध्यासांध्यातून सोडवून पाहिल्या. त्याचं पुस्तक १९२८ साली आलं, इंग्रजीत यायला १९५८ उजाडलं. या कथांमध्ये राजपुत्र असो की शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, चेटकीण असो की अजगर, माणसं बदलत राहतात. त्यांच्या हातून घडणारी कामं तीच राहतात. अशी ३१ कामं त्याने मोजली आणि ती वाटून घेणाऱ्या भूमिका फक्त ७. खल. काहीतरी जादूची वस्तू देणारा दाता. साहाय्यक. जिच्यासाठी सगळं चाललंय ती राजकन्या, आणि तिच्याच जोडीला तिचा बाप. नायकाला वाटेला लावणारा, म्हणजे पाठवणारा. नायक. आणि सातवा खोटा नायक, ज्याने काम केलेलं नसतं पण श्रेयावर हक्क सांगायला तो दरबारात सगळ्यांच्या आधी हजर असतो. तरुणपणी मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा हरखून गेले होते. दिसेल त्या गोष्टीला ती लावून पाहायचे आणि दरवेळी कुलूप उघडायचं. आपल्या गोष्टीला मात्र ती कधी लावली नव्हती. आता लावली. खल म्हणजे शेजारचे काका. साहाय्यक म्हणजे टेम्पोवाला. नायक अर्थात मी. ताईला कुठे बसवायचं ते काही केल्या कळेना.

मग मला प्रॉपचीच दुसरी एक गोष्ट आठवली, जी त्या यादीच्या गडबडीत लोक विसरतात. एकच माणूस एका कथेत दोन-तीन भूमिका करू शकतो, आणि एकच भूमिका दोन-तीन माणसांत वाटली जाऊ शकते. भूमिका आणि माणूस यांची गाठ त्याने घट्ट मारलीच नव्हती. ती आपण मारतो. लेखन शिकवणाऱ्या वर्गांत हल्ली भूमिकांचे तक्ते भिंतीवर लावतात, हा गुरू, हा मित्र, हा द्वारपाल, आणि विद्यार्थी त्या चौकटींत एकेक नाव भरत जातात. मला ते पाहवत नाही. चौकट आधी आली की माणूस तिच्या मापाने कापावा लागतो.

आपल्या भाषेतला शब्द याबाबतीत फार शहाणा आहे. पात्र. पात्र म्हणजे भांडं. नदीचंही पात्र असतं, उन्हाळ्यात पाणी आटलं तरी ते तिथेच असतं, पुढच्या पावसाची वाट पाहत. गोष्टीतली भूमिका तशीच असावी. कथेच्या भूगोलात तिची जागा आधीपासून खणलेली असते. गुरूची जागा, मित्राची जागा, दारात उभ्या असलेल्या माणसाची जागा. सांगणारा येतो आणि हाताशी असेल ते पाणी तिच्यात सोडतो. भूमिका हा शब्दही तसाच, मुळात जमीन. ज्यावर उभं राहायचं ती. कोणी एखाद्या प्रश्नावर 'भूमिका घेतली' असं आपण म्हणतो तेव्हा त्याने स्वतःची जागा स्वतः निवडलेली असते. गोष्टीतल्या माणसाला ती मुभा नसते. त्याची भूमिका सांगणारा घेतो.

जुन्या नाट्यशास्त्रकारांनी तर हा हिशेब अगदी उघड मांडला आहे. धनंजयाच्या दहाव्या शतकातल्या 'दशरूपका'त कथानकाचे दोन भाग पाडले आहेत, आधिकारिक आणि प्रासंगिक. अधिकार म्हणजे फळावरची मालकी. शेवटी फळ ज्याच्या पदरात पडतं त्याची कथा ती मुख्य. बाकीच्यांच्या कथा प्रसंगाने आलेल्या. या प्रासंगिक कथांचेही पुन्हा दोन प्रकार. लांबवर सोबत चालते ती पताका, सुग्रीवाच्या कथेसारखी. थोडा वेळ येऊन जाते ती प्रकरी. जटायू घ्या. आकाशातून येतो, झुंजतो, पंख छाटले जातात, रामाला दिशा सांगेपर्यंत जीव धरून ठेवतो आणि जातो. लहानपणी रामकथा ऐकताना मला सर्वांत जास्त रडू जटायूसाठी यायचं, आणि गोष्ट सांगणारी माणसं तिथे फार थांबत नाहीत याचा राग यायचा. त्या म्हाताऱ्या पक्ष्याला त्या दिवसाआधी काही आयुष्य असेल, तो कुठल्या कड्यावर ऊन खात बसला असेल, असं मला वाटत राहायचं. आणि मोठी होऊन मी काय केलं, तर माझ्या बहिणीला प्रकरी करून टाकलं. जटायूएवढी जागाही तिला दिली नाही.

नायकाचे चार प्रकारही तिथेच आहेत. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. कोणी उदात्त असेल, कोणी कलासक्त, कोणी शांत, कोणी उर्मट, चालेल. चौघांच्याही आधी 'धीर' मात्र हवाच. हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्या रात्री मला धीर नव्हता हे मला पक्कं माहीत आहे. धीर नव्हता म्हणून तर मी धावत होते. धावणं हीच त्या रात्रीतली सोपी गोष्ट होती, पायांना काम मिळालं की भीती थोडी खाली बसते.

या ठिकाणी मला आणखी एका माणसाबद्दल लिहायला हवं. काका. खलनायकासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, व्हिलन, तो लॅटिनमधल्या मळ्याच्या, शेतावरच्या घराच्या शब्दावरून आला. व्हिलन म्हणजे मूळचा मळ्यावर राबणारा माणूस, खेडूत. वरच्या लोकांनी तो शब्द आधी गावंढळ या अर्थाने वापरला, मग हलकट, मग दुष्ट. कोण्या एका सांगणाऱ्याने एवढं वळण दिलं असं नाही. शेकडो वर्षं सगळ्यांनी मिळून थोडं थोडं वळवलं. मला हे कळलं तेव्हा मी नुसती माहिती म्हणून टिपून ठेवलं होतं. काकांच्या बाबतीत ते काम माझं एकटीचं आणि फार कमी वर्षांत झालेलं होतं. पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा ते फक्त नाही म्हणाले होते. पुढच्या कधीतरी त्यांच्या आवाजात झोपमोडीची चीड आली. मग फळी जोरात आपटायला लागली. गल्लीत समोरून आले तर मी मान वळवून घ्यायचे, आणि माझी मान वळवणं मला माझ्या शौर्याचाच भाग वाटायचं. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली कादंबरीवरच्या व्याख्यानांत सपाट आणि गोल अशी पात्रांची विभागणी केली. खरं सपाट पात्र एका वाक्यात सांगून संपतं असं त्याचं म्हणणं. काका एका वाक्यात संपत होते. ताईसुद्धा.

खरं तर या गोष्टीने मला खूप काही दिलं, ते नाकारलं तर ताईशी नाही पण स्वतःशी अन्याय होईल. कॉलेजात सगळं विस्कटलं तेव्हा, नोकरी गेली तेव्हा, एका फार वाईट वर्षात, मी स्वतःला सांगत आले की तू तीच आहेस, पावसात अनवाणी धावलेली. बाबा पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचे. "हिने मला वाचवलं," म्हणायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं. घरात कुणालाही काहीही झालं की फोन मला येतो, कारण मी धावणारी. मागचं घर ताईवर सोपवलं जातं, कारण ती राहणारी. कोणी ठरवलं नव्हतं. एका रात्रीतल्या दोन जागा आमच्या अंगाला पुढची अठ्ठावीस वर्षं चिकटून राहिल्या. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि तिलाही कुठे जायचं होतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांतून नायकाच्या प्रवासाचा एक आराखडा काढला. घर सोडणं, उंबरठा ओलांडणं, संकटं, परत येणं. त्यावर आज अर्धं जग पटकथा लिहितं. मला त्यात कायम एक खटकत आलं आहे की जो जातो त्याचीच कथा होते. घर म्हणजे सुटण्याची आणि परतण्याची जागा, मधल्या काळात तिथे जणू कोणी श्वासच घेत नाही. होमर या प्राचीन ग्रीक कवीला मात्र हे ठाऊक होतं. त्याच्या 'ओडिसी'त नायक ओडिसियस समुद्रावर भटकत असताना त्याची बायको पेनेलपी, मागणी घालायला आलेल्यांना टाळण्यासाठी, दिवसा विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेलं उसवते. तीन वर्षं. थांबण्यालाही कर्तृत्व असतं, हात दुखेपर्यंत करावं लागणारं. त्याच महाकाव्यात मेंटॉर नावाचा म्हातारा आहे, ज्याच्या नावावरून पुढे मार्गदर्शकाची अख्खी भूमिकाच ओळखली जाऊ लागली. पण ओडिसियसच्या मुलाला प्रवासाला निघण्याचं बळ देते ती देवी अथेना, मेंटॉरचं रूप घेऊन. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. इतक्या जुन्या काळापासून हे चालत आलं आहे.

चार दिवसांनी मी ताईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "ताई, ती रात्र तू सांग ना."

"कुठली?"

"बाबांची."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दार मी उघडलं नव्हतं गं. दार उघडंच होतं."

मी काही बोलले नाही.

"तू गेलीस ती दार सताड टाकून. पाऊस आत येत होता, चटई भिजत होती, मला दिसत होतं. पण मला उठता कुठे येत होतं? बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. म्हणून तर तुला पाठवलं. नाहीतर मीच गेले असते, तुला कशाला पाठवते मी, तुला अंधाराची किती भीती." आणि मग ती सांगत गेली, अगदी सपाट आवाजात, कुठेही न थांबता, कारण ही गोष्ट तिने आधी कुणाला सांगितलीच नव्हती आणि कुठे थांबलं की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो हे तिला माहीत नव्हतं. बाबांचं दुखणं तिच्या आदल्या दिवशीच लक्षात आलं होतं. ती जागीच होती. तिने मला हाक मारली, मी उठेना, तेव्हा मोकळ्या हाताने उशाचा तांब्या ओढून तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं. मला अचानक जाग आली नव्हती. मी गेल्यावर ती बाबांना उठवून बसवून, त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून बसली, कारण आडवं केलं की त्यांचा श्वास कोंडत होता. आजी पलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि ही सांगत होती, काही नाही, पाऊस आहे. टेम्पोवाल्याने बाबांना उचललं तेव्हाही हात सुटेना. त्याने एकेक बोट करून तो सोडवला. मनगटावर नखांच्या खुणा आठवडाभर होत्या.

प्रॉपच्या कथांमध्ये नायकाच्या अंगावर एक खूण उमटते. पुढे खोटा नायक दरबारात मिरवत असतो तेव्हा त्या खुणेवरून खरा कोण ते ओळखलं जातं. मला ते आठवलं आणि मी फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले. ताईच्या बाह्या तेव्हा लांब असायच्या. ती खूण कुणी पाहिली नाही, आणि आठवड्याने ती गेली.

"बाबा पण तुझीच गोष्ट सांगायचे," ती म्हणाली. "त्यांना वाटायचं तसंच."

त्यांना तसं का वाटायचं हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. बाबांना त्या रात्रीचं काहीच आठवत नव्हतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, मी इथे कसा आलो, आणि खाटेजवळ मी होते. मी सांगितलं. धावले ते सांगितलं, काकांचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं. मी खोटं बोलले नव्हते. जे मला घडलं होतं तेवढंच मला माहीत होतं. पण मोठ्या रस्त्यावरून घरात येताना गोष्टीत कुणीतरी दारात उभं असायला हवं होतं, उघडा दरवाजा आणि आत अंधार एवढं माझ्याने पेलवत नव्हतं, म्हणून मी ताईला तिथे उभं केलं असणार. मग बाबांनी ती गोष्ट माझ्याकडून घेतली, त्यांच्याकडून ती मी परत घेतली, आणि दोघांनी मिळून ती पक्की केली. ज्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं होतं त्याच हाताने ते पुढे माझ्या डोक्याला स्पर्श करत राहिले. त्यांना कधीच कळलं नाही. आता बाबा नाहीत, सांगायचं कुणाला.

"तुला राग नाही आला इतकी वर्षं?"

"राग नाही गं. तू सांगायला लागलीस की मुलं खूश होतात, बाबा खूश व्हायचे. फक्त ते वाक्य आलं की दरवेळी माझ्या मनात येतं, दार उघडंच होतं, चटई भिजत होती."

मग तिने आणखी एक सांगितलं, फोन ठेवता ठेवता. पहाटे काका आले होते. पाऊस थांबला होता. आत या म्हटलं तर आले नाहीत, पायरीवर बसून राहिले, उजाडेपर्यंत. निघताना म्हणाले, काही कळलं तर मला सांग. गाडी का दिली नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. काकांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांच्या त्या नकारामागे काय होतं, बंद पडलेली गाडी, भीती, की खरंच नुसता आळस, हे मला आता कधी कळणार नाही. ओल्या पायरीवर बसलेला माणूस मात्र माझ्या खलनायकाच्या मापात बसत नाही. दोघांना एकत्र ठेवायला मला अजून जमत नाही.

परवा आम्ही पुन्हा भेटलो. भाचीने पुन्हा हट्ट धरला. मी म्हटलं, आज जरा वेगळी सांगते, आणि तांब्यातल्या पाण्यापासून सुरुवात केली. ताईने हातातली घडी तशीच धरून ठेवली. मी धावले, काकांकडे गेले, फळी या वेळी आपटली नाही, हळूच लागली. टेम्पो आला. दार उघडं होतं. टेम्पोवाल्याने एकेक बोट सोडवलं. भाची उठून बसली आणि आईच्या मनगटाकडे पाहायला लागली. बाबांना आम्ही गाडीत घातलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, गाडी वळली.

आणि तिथे मी थांबले, या वेळी कुणाचा श्वास अडकावा म्हणून नाही. पुढे दवाखान्याकडे मी निघाले असते तर गोष्ट पुन्हा माझीच झाली असती. मी ताईकडे पाहिलं. मुलंही तिच्याकडे पाहायला लागली. तिने घडी बाजूला ठेवली.

"मग मी उठले आणि दाराला कडी घातली," ती म्हणाली. "आणि कंदिलाची वात खाली केली. रॉकेल थोडंच उरलं होतं."